स्लॅब होईपर्यंत

हिंदी मुलखातल्या पाटनकडच्या खेड्यांत मी घरकुलांचे फोटो काढत हिंडायचे, तेव्हाची गोष्ट. सरकारी घराचा पैसा टप्प्याटप्प्यानं येतो: आधी पाया, मग भिंती, शेवटी स्लॅब. दर टप्प्याला घरमालकानं बांधकामासमोर उभं राहायचं, मी मोबाइलवर फोटो पाठवायचा, की पुढचा हप्ता सुटायचा. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तर हे काम फारच सोपं वाटे.

एका घरी पायाच्या वेळी म्हातारा खोकत उभा राहिला होता. भिंतींच्या वेळी गेले, तर ताठ उभा. तोच सदरा, तोंडाला तोच गमछा. आता बरं वाटतं का, मी विचारलं. उत्तर त्याच्या बायकोनं दिलं, त्याच्याकडे न बघता. शेजारीपाजारी कामं टाकून जमले होते, सगळे माझ्या मोबाइलकडेच बघत होते. झोपडीच्या दाराशी एक वाढलेलं ताट होतं. त्यावर मुंग्या चढत होत्या आणि कुणी ते उचलत नव्हतं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "काहून घाबरून राहिली? गरिबाला काय रोज फोटो काढायची सवय असते?"

स्लॅब झाल्यावर शेवटचा फोटो काढला. म्हाताऱ्याच्या बायकोनं विचारलं, गेला का? गेला म्हटलं.

"तो दीदी, अब चूड़ी फोड़ लूँ?"

मग कळलं. म्हातारा पाया झाल्यावर लगेच गेला होता. फोटोत उभा राहिला तो धाकटा दीर. घर हातचं जाईल या भीतीनं कुणी रडलं नव्हतं. तेव्हापासून दिराला सगळे थोरल्याच्याच नावानं हाक मारायचे. ताट मेलेल्याचं, येणाऱ्याजाणाऱ्याला तो अजून आहे असं वाटावं म्हणून रोज वाढलेलं.

बांगड्या फोडणं मला मुळीच पटत नाही, आमच्याकडे ती चाल कधीच बंद झाली. पण त्या दिवशी मला नको म्हणवेना. माणूस गेला तरी घर बायकोला मिळतं, हा नियम मला पाठ होता. तो त्यांना कुणीच सांगितला नव्हता, याचा मला भयंकर संताप आला.

तिनं उंबऱ्यावर हात आपटला आणि सगळ्या गावानं एकदम गळा काढला. त्या आकांतात कुणीतरी दिराला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारली.

तो वळला नाही.