होयबा आणि न थांबणारा थ्रेड

ऑफिसात सगळे त्याला 'होयबा' म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि त्यावरही तो "हो" म्हणायचा. वय सत्तेचाळीस. डोक्यावरचे केस गरजेपेक्षा आखूड, कारण न्हाव्याला "बास आता" म्हणायची हिंमत नाही. फोनवर विमा विकणाऱ्याला तोडणंही त्याला जमत नसे; शेवटी विमेवालाच कंटाळून फोन ठेवी. अशा माणसावर मॅडमनी, म्हणजे टीमच्या प्रमुखांनी, काम सोपवलं: टीम सांभाळत असलेल्या लायब्ररीत चालू थ्रेड मध्येच थांबवण्याची सोय लिहायची.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. इतरांचे प्रोग्रॅम जिच्या जिवावर चालतात, असा तो तयार कोडचा साठा. प्रोग्रॅम एकाच वेळी बरीच कामं करतो, त्यातलं एकेक काम म्हणजे एकेक थ्रेड. कुणी 'रद्द' म्हटलं की तो थ्रेड मुकाट्याने थांबावा, एवढंच मागणं.

"हो, पंधरा दिवसांत देतो," होयबा म्हणाला.

आठवडाभरात त्याने थ्रेडला जागच्या जागी मारून टाकणारा कोड लिहिला. थ्रेड झटक्यात मेला. पण सामायिक यादीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून जे कुलूप असतं, ते त्याने मरण्याआधी लावून ठेवलेलं. आता ते उघडणार कोण? बाकीचे थ्रेड कुलपाशी ताटकळले आणि सगळा प्रोग्रॅम ठप्प झाला.

जेवताना त्याने ही व्यथा बायकोला ऐकवली. ती दातांची डॉक्टर.

"पेशंटने हात वर केला की मी थांबते," ती म्हणाली. "पण ड्रिल त्याच्या तोंडात टाकून निघून जात नाही. आधी हातातलं आवरते."

"ते मला माहीतच होतं."

"मग आठवडाभर काय करत होतास?"

त्याने भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी नवी मांडणी सुरू झाली. 'रद्द' ही आता नुसती खूण. थ्रेडने ठरलेल्या जागी ती पाहायची, कुलपं उघडायची, घेतलेली मेमरी परत करायची आणि निघायचं. कशाची तरी वाट पाहत झोपलेल्या थ्रेडला मात्र सिग्नल पाठवून उठवायचं. चाचण्या धडाधड पास झाल्या. चौदाव्या दिवशी एक अडकली. चार हजारांत एकदा.

"एवढ्याचं काय घेऊन बसलात?" मॅडम म्हणाल्या. "उद्या देऊन टाकू."

होयबाने तोंड उघडलं. उत्तर काय येणार हे ठाऊक असल्याने शेजारच्यांनी माना पुन्हा स्क्रीनकडे वळवल्या.

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका दचकला की वर "म्हणजे, बसा ना" असंही म्हणून गेला. मॅडम खरंच बसल्या.

"थ्रेड खूण बघतो, ती नसते, म्हणून झोपायला वळतो," त्याने सांगितलं. "नेमकं तेवढ्यात 'रद्द' येतं. सिग्नल तो जागा असतानाच येऊन जातो. मग हा झोपतो, तो कायमचा. आपल्याकडे चार हजारांत एकदा. लोकांकडे रोज होईल."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

एका दिवसात दोन धाडसं म्हणजे फारच झाली. तो गटागटा पाणी प्यायला.

नऊ दिवस लागले. सिग्नल आला की थ्रेड नेमका कुठे उभा आहे ते तपासायचं, आणि बघणं नि झोपणं यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या फटीत सापडला तर झोपू न देता परस्पर आवराआवरीकडे वळवायचं, हा उपाय निघाला. चाचणी दहा लाख वेळा चालवली. तेवढा वेळ होयबा प्रसूतिगृहाबाहेरच्या बापासारखा खुर्चीमागे फेऱ्या मारत होता. एकदाही अडकली नाही.

नव्या आवृत्तीच्या टिपणात एकच ओळ आली: 'थ्रेड रद्द करण्याची सोय.' बायकोने चष्मा लावून ती वाचली.

"तुझं नाव कुठाय?"

"नावं देत नाहीत."

तिने चष्मा काढून ठेवला.

पुढच्या आठवड्यात तो नेहमीप्रमाणे तिला आणायला दवाखान्यात गेला, तर बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई सरकून बसल्या.

"या, बसा. तुम्हीच ना ते, थ्रेड थांबवणारे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डॉक्टरबाई सगळ्यांना सांगतात," बाई म्हणाल्या. "तोंडात कापूस असतो. ऐकून घ्यावंच लागतं."