दोन बँकांमधला चहा

लाखांदुरात दोन बँका समोरासमोर होत्या. त्यांतल्या एकीचा शिपाई आपल्याकडे भरलेले समोरच्या बँकेचे चेक वटवायला रोज रस्ता ओलांडायचा, पिशवी छातीशी धरून. मधल्या टपरीवर कुणी बोलावलं की म्हणायचा, "लोकायचा पैसा रस्त्यात हाये. वापस येतानी पेईन."

एकदा पगार आलाच असेल असं धरून मी समोरच्या बँकेतल्या माझ्या पगाराच्या खात्याचा चेक त्याच्या बँकेत भावाच्या खात्यावर भरला. पगार आलाच नव्हता. चेक परत गेला असता तर गावभर मास्तरची शोभा झाली असती. टपरीवर माझं तोंड बघून त्याने विचारलं, "गुरुजी, पगार कधी येते?"

"उद्या."

तो पिशवीसकट बाकावर बसला. "एक चाय दे गा. गरम."

समोरची खिडकी बंद होईस्तोवर तो चहा फुंकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला, चेक वटला. साहेबांनी माझ्यादेखत त्याला झापलं, "काल उशीर का केलास?"

"चाय लय गरम होती, साहेब."

खरं काय ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तो मात्र पुढे कितीक वर्षं परतीचा चहा बशीत ओतून मलाच विचारायचा, "पाहा बरं गुरुजी, थंडी झाली का?"