न मावळलेला उजेड

सकाळी मारलेल्या उंदराच्या हृदयातली एक पेशी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली अजून धडधडत होती. विजेचा हलका झटका दिला की तिच्यात कॅल्शियम सुटायचं, आम्ही घातलेला रंग त्यामुळे उजळायचा आणि लगेच मावळायचा. सुटलेलं बहुतेक कॅल्शियम पेशीतली प्रथिनं क्षणभर धरून ठेवतात, मग पेशी ते परत आपल्या साठ्यात ओढून घेते. ते सुटलं की हृदय आवळतं, परत गेलं की सैल पडतं. आपलं सगळं जगणं या मावळण्यावर चाललंय, असं वाटून मी बघत राहिले.

“मॅडम, दमली वाटतं ती. झटके बंद करू?” माझी विद्यार्थिनी केतकी म्हणाली.

खरंच, उजेड आता रेंगाळत होता. पण चित्रं सुंदर येत होती. “थांब, अजून थोडा वेळ,” मी म्हणाले.

पुढच्या झटक्याला पेशी उजळली ती उजळलेलीच राहिली. एवढं कॅल्शियम तिला आवरेना. लांबट पेशी आवळत गेली, तिचा गोळा झाला आणि मग ती हललीच नाही. उंदराला मारताना माझ्याकडे कारणं होती, आता एकही सुचेना.

“चित्र छान आलंय,” केतकी हळूच म्हणाली. तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.