अध्यक्षीणबाई आणि विरोधी पक्ष

आमच्या हिच्याइतकी भांडकुदळ बाई जूचंद्रात दुसरी नव्हती, आणि तिच्याशी भांडून एकदाही न जिंकलेला माझ्यासारखा गाढवही दुसरा नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सरकारशी बोलणी. सरकार मी होतो. इंग्रजांच्या वेळचा युनियनचा कायदा बदलायचा म्हणून साहेबलोकांनी युनियनवाल्यांना दुसऱ्या दिवशी मत विचारायला बोलावलं होतं. ही डबे पॅक करायची त्या गाळ्यात बाया इनमिन दहा, आणि त्यांच्या युनियनची अध्यक्ष ही. जुन्या कायद्यात सात जणांची युनियन होते. तो आकडा वाढवला तर असल्या गाळ्यांची तोंडं कायमची बंद, एवढंच हिला सांगायचं होतं. म्हणून संध्याकाळी मला खुर्चीवर बसवून तालीम. पहिल्याच वाक्याला मी "मंजूर" म्हणालो, कारण चहा निवत होता.

"असा साहेब असतो कुठं? जरा नाय म्हना की!"

हिला नाही म्हणायची मला सवयच नव्हती, त्याला मी काय करू?

घरात सगळं मतदानानं चालायचं. दुधी नको म्हणून मी हात वर करायचा, हवा म्हणून तिनं. एकास एक झाली की अध्यक्षाचं जादा मत, आणि अध्यक्ष कोण ते सांगायला नको. उभ्या संसारात मी एकदाही निवडून आलो नाही. भाचीच्या लग्नात तर वऱ्हाड पानांवर ताटकळत ठेवून हिनं वाढप्यांना आधी जेवायला बसवलं. वर नवरदेवाच्या बापाला म्हणाली, "उपाशी मानसाचा हात थरथरतो, दादा. रस्सा तुमच्याच अंगावर सांडंल." मी मंडपामागं लपलो, तर तिथं येऊन मला उष्टी उचलायला लावली.

त्या तालमीनंतर सकाळी उठवायला गेलो तर ती गेलेली. झोपेतच. जन्मात पहिल्यांदा काही न बोलता.

थोड्या वेळानं तिच्या बाया रिक्षा घेऊन तिला न्यायला आल्या आणि दारातच मटकन बसल्या. "काका, आता कसली मीटिंग!" माझा थोरला भाऊ म्हणाला, दुपारच्या आत उचलू. मला कायद्यातलं ओ का ठो कळत नाही. पण बायांना म्हटलं, "रडायचं ते येऊन रडा. आधी तिचं बोलणं बोलून या. साहेबानं ऐकलं नाही तरी शेवटपर्यंत बोला."

"डोकं फिरलं का तुझं?" भाऊ ओरडला.

"फिरलंय. त्या आल्याशिवाय हिला कोणी हात लावायचा नाही."

रिक्षा गेली. मी तिच्या उशाशी बसून राहिलो. येणारा-जाणारा विचारायचा, "कोणासाठी थांबलाय? लेकी यायच्यात का?"

"हो," मी म्हणायचो, "मीटिंगला गेल्यात."