दोघेही आले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून जीभ थोडी सैल होते आहे. तरी बघा, सुरुवात करायलाच किती आढेवेढे घेतोय.

पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीत भर दुपारी सगळी दारं बंद असतात. आमचं तेवढं सताड उघडं. बाल्कनीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा आणि त्यावर गोड पोंगल, म्हणजे इकडचा गूळभात. शेजाऱ्यांना वाटतं, कावळ्यांसाठी असेल. कावळे त्याला शिवत नाहीत. पान मात्र संध्याकाळपर्यंत साफ झालेलं असतं. कोण खातं, हे बघायला मी कधी थांबलेलो नाही. का थांबावं?

मी सांगलीकडचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. केसभर वाकडेपणा चालू न देणारा माणूस, अशी माझी तिथे ख्याती आहे — हसू नका. बायको सरोजा तंजावरच्या मराठी घरातली. तिच्या आईला सगळे अक्का म्हणत. अक्का आमच्याकडेच राहत, जुन्या वळणाचं मराठी बोलत आणि जावई म्हणून मला ‘मापिळ्ळै’ अशी हाक मारत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि सावली एवढंच काय ते कळायचं.

सरोजाचा थोरला भाऊ गोपाळ. मी त्याला पाहिलेलं नाही. वडिलांशी भांडून तो घरातून गेला तो गेलाच. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून आपल्याकडे काय करतात, ठाऊक असेल. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग घरातली माणसं रडायला मोकळी होतात. गोपाळची बारा वर्षं केव्हाच उलटली होती. अक्का रडल्या नव्हत्या. एकदाही नाही. त्यांनी मनाशी धरलं होतं की आधी पक्षीतीर्थाला जायचं. पक्षी आले तर गोपाळ जिवंत आहे. नाही आले तर पुतळा करायचा.

पक्षीतीर्थ म्हणजे तिरुक्कळुकुंड्रमचा डोंगर, आमच्याकडून समुद्रकाठानं दक्षिणेला, इकडच्या कोवलमच्याही पुढे जाऊन आत वळलं की लागतो. पूर्वी रोज मध्यान्ही तिथे दोन पांढरी गिधाडं उतरायची आणि पुजाऱ्याच्या हातचा गोड भात खायची. ते म्हणे शापित ऋषी. काशीला स्नान, इथे जेवण, रात्री चिदंबरमला मुक्काम. अक्कांनी लहानपणी ती पाहिली होती. मग ती यायची थांबली. गुरांना टोचायच्या औषधामुळे देशभर गिधाडं मेली, हे मी अक्कांना एकदा समजावलंही होतं.

"तें औषध ऋषींना कसें लागेल, मापिळ्ळै?" त्या म्हणाल्या होत्या.

तर आम्ही गेलो. सरोजा आमच्या लहान मुलीला घेऊन पायथ्याच्या मंडपात बसली, आणि मी अक्कांना हाताला धरून वर नेलं. देऊळ दुपारचं बंद झालेलं, माणसं उतरून गेलेली. खडक असा तापलेला की पाय टेकवेना. वारा मुळीच नव्हता. अक्का मांडीवर पोंगलचं पान घेऊन आभाळाकडे तोंड करून बसल्या. समोरच्या भिंतीवर माकडं होती — आणि ती आमच्याकडे, त्या भाताकडे बघतच नव्हती. सगळी मिळून आभाळाच्या एकाच बाजूला बघत होती. मीही पाहिलं. तिथे काही नव्हतं.

मला दुपारच्या पाळीला पोचायचं होतं. बड्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. अक्का उठेनात. सूर्य कलेपर्यंत बसणार म्हणाल्या.

"आले," मी म्हणालो.

"दोघेही?"

"दोघेही."

इथेच थांबलो तर तुम्ही म्हणाल, म्हातारीचं मन राखलं, त्यात काय एवढं? मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. पण अक्का भाबड्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "वारें लागलें नाही."

पक्षी डोक्यावरून उतरले की पंखांचं वारं तोंडावर यायचं, हे त्यांना लहानपणापासून आठवत होतं. आणि मी — माझ्या खांद्यावर टॉवेल होता, घामानं ओला झालेला. तो दोन्ही हातांत ताणून धरला. पाऊल न वाजवता त्यांच्या मागे गेलो आणि त्यांच्या डोक्यावरून झटकला. मग दुसऱ्या पक्ष्यासाठी पुन्हा झटकला. त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलले. त्यांनी पान पुढे धरलं. त्यावरचा भात मी उचलून कड्याखाली टाकला, आणि रिकामं पान त्यांच्या हातात परत दिलं. त्या हसल्या. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

पुतळा झाला नाही. त्या दिवसापासून दुपारी गोपाळसाठी दार उघडं राहू लागलं, पक्ष्यांसाठी कठड्यावर पान येऊ लागलं.

पुढे कारखान्याच्या सहलीत आम्ही मोयारच्या खोऱ्यात गेलो. वाटाड्यानं दाखवलं — नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं, कड्याच्या कपारींत लांब चोचीची, आणि दूर एका वठलेल्या फांदीवर लाल डोक्याचं राजगिधाड, एकटंच. अंगभर पांढरं, आमच्या ऋषींच्या जातीचं, एखादं दिसलं तर नशीब, म्हणाला. म्हणजे ती आहेत. उरलीसुरली तिथे राहतात, आमच्या डोंगरावर येत नाहीत, इतकंच. घरी गेल्यावर अक्कांना सगळं सांगायचं, असं परतीच्या बसमध्ये मी पक्कं ठरवलं होतं.

तोवर अक्कांनी अंथरूण धरलं होतं. मला जवळ बोलावून त्यांनी माझं मनगट पकडलं. हात कोरडा आणि हलका होता.

"मापिळ्ळै, त्या दिवशीं आले नव्हते तर सांगा. अजून वेळ आहे. रडून घेतें."

हे वाक्य तुम्हाला नीट ऐकू आलं ना? त्या मला रागावत नव्हत्या. त्यांना मुलासाठी एकदा रडायचं होतं, आणि ते माझ्यावाचून अडलं होतं. सरोजा दारात उभी होती. तिच्यादेखत मी काय ठरलो असतो?

"आले होते," मी म्हणालो. "दोघेही."

अक्कांनी मनगट सोडलं. त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या, कोरड्या डोळ्यांनी.

आता पान सरोजा ठेवते. भटजींनी पुतळ्याचं विचारलं तेव्हा तिनं साफ सांगितलं, पक्षी आले होते, यांनी स्वतः पाहिलेत. रविवारी दुपारी वीज गेली. पंखा बंद, खालच्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. दोरीवर माझा टॉवेल सरळ लोंबत होता. सरोजा उंबऱ्यात बसली होती, आईसारखीच मान वर करून. तिच्या कपाळावरचे केस हलले. थोड्या वेळानं पुन्हा हलले.

"वारें लागलें तुम्हाला?" तिनं विचारलं.

मला काही लागलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.