कळशीवरची तारीख

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गोदाकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सातपूरच्या कारखान्यातल्या एका कामगाराची बायको तक्रार घेऊन आली. सायखेड्याजवळची तिच्या माहेरची वडिलोपार्जित जमीन भाऊ परस्पर विकत होता. तलाठ्याकडे दिलेल्या वंशावळीत आणि प्रतिज्ञापत्रात त्यानं तिचं लग्न त्र्याण्णव सालचं दाखवलं होतं.

"साहेब, माझं लग्न पंच्याण्णवला झालं," ती म्हणाली.

फरक दोनच वर्षांचा. पण चौऱ्याण्णवच्या कायद्यानं अविवाहित मुलीला अशा जमिनीत भावाइतका हिस्सा दिला होता. त्याआधी लग्न झालेलीला तो नव्हता.

भावानं लग्नपत्रिका जोडली होती. लग्नाची नोंद कुठेच नव्हती, भटजी वारलेले. दोन दिवसांनी ठाण्यात एक फोन आला. "ती पत्रिका मागच्या महिन्यात आमच्याच छापखान्यात छापली. माझा जबाब मात्र घेऊ नका." नाव न सांगता त्यानं फोन ठेवला.

भावाला बोलावलं. तीन तास एकच पालुपद, "पत्रिका हाय ना, साहेब!" पंगतीत काय वाढलं होतं, विचारलं, तर आठवेना. बहिणीच्या लग्नातलं जेवण विसरलेला भाऊ मी पाहिलेला नाही. पण संशयावर कोर्ट चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातपूरला तिच्या घरी गेलो. तिनं पाणी दिलं. सवयीनं माझी नजर मांडणीवरच्या भांड्यांवर फिरली. लग्नात दिलेल्या भांड्यावर आपल्याकडे नाव घालतातच. एका पितळी कळशीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: 'ताईस दादाकडून सप्रेम भेट', खाली लग्नाची तारीख, साल पंच्याण्णव.

पंचांसमक्ष कळशी जप्त केली आणि ठाण्यात भावापुढे ठेवली. बराच वेळ तो अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "चुकलं, साहेब." छापखान्याचं नावही त्यानंच सांगितलं.

बहीण समोरच उभी होती. "दादा, नुसतं मागितलं असतंस, तर हक्कसोडीवर डोळे झाकून सही केली असती. आता नाय करणार."

आपल्याकडे बहिणीची ती सही गृहीतच धरतात. त्या दिवसापासून मी ते सोडलं. पुढे माझ्या वडिलांची जमीन वाटायची वेळ आली, तेव्हा वंशावळीत बहिणीचं नाव मी स्वतःच्या हातानं आधी लिहिलं.