चाकाला आळं

दोन हजार पंधरा साल. मला तेव्हा सहासष्टावं लागलं होतं. त्या वयापर्यंत मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती; पण उंदरांशी एवढं मनापासून वैर धरलेला आणि उंदरांचा एवढा बारीक विचार केलेला माणूस माझ्या थोरल्या साडूंशिवाय अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर छातीठोक सांगेन. मी शाळा शिकलो चौथीपर्यंत, त्यातही चौथी अर्धीच. लिहिण्यात चूकभूल होईल. सांगण्यात होणार नाही.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एकाच गल्लीत दिलेल्या. थोरली त्यांना, धाकटी मला. थोरलीला सारं गाव आक्का म्हणतं. साडू मला ‘पाव्हणं’ म्हणायचे आणि मीही त्यांना ‘पाव्हणं’च म्हणायचो. जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेले दोन म्हातारे एकमेकांना पाहुणे म्हणतात, याचं नव्या सुनांना फार हसू यायचं. उसाला बरे दिवस होते तेव्हा साडूंनी नगरहून एक जुनी गाडी आणली. पांढरी, गोलगरगरीत, पूर्वी साहेबलोक हिंडायचे तसली. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं बसायला गेलो, तर म्हणाले, “पाव्हणं, चपला जरा झटकून बसा.” मी म्हटलं, “ही गाडी हाय का देऊळ?” आणि तिथूनच मागं फिरलो. त्यानंतर कड्याच्या बाजाराला ते गाडीतून जायचे आणि मी पायी. बहुतेक वेळा आम्ही बरोबरच पोचायचो. कारण साडू गाडी चालवायचे ती बैलं हाकल्यासारखी. चढ लागला की जिभेनं टक्‌टक् करायचे, थांबवताना ब्रेक दाबायचेच, पण वर तोंडानं “हो... हो... हो राजा” असं म्हणायचे. मागून बैलगाडी आली तर बाजूला घेऊन तिला वाट द्यायचे. उन्हात गाडी उभी करावी लागली तर तिच्या नाकाडावर स्वतःचं उपरणं टाकायचे आणि स्वतः बोडक्यानं हिंडायचे.

ते आणि मी, दोघंही सहकारी कारखान्याचे सभासद. मी नुसता नावाला. साडू मात्र कारखान्याचा भोंगा वाजला की जेवता जेवता हात थांबवून ऐकायचे. आमच्याकडे दर हंगामाला एका सभासद जोडप्याला मोळीपूजनाचा मान देतात. नवरा-बायकोनं उसाच्या पहिल्या मोळीला हळद-कुंकू वाहायचं, मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकायची आणि मग कारखाना सुरू. त्या वर्षी हा मान साडूंना आणि आक्काला आला. आक्कानं हिरवं लुगडं घेतलं. साडूंनी गाडीला दोनदा साबण लावला. “पुढच्या सीटवर तुलाच बसवून न्हेणार,” असं त्यांनी तिला साऱ्या गल्लीदेखत सांगितलं. आमच्या पिढीत असं कुणी बायकोला चारचौघांत सांगत नव्हतं. आक्का लाजून घरात पळाली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

आणि पावसानं दगा दिला. ऊस उभ्या जागी वाळला. जो हिरवा होता तो तोडून जनावरांपुढं टाकला. कारखान्याची गव्हाण त्या साली कोरडीच राहिली. बैल छावणीवर गेले, गोठे मोकळे झाले. साडूंनी बैलांच्या जागेवर गाडी उभी केली आणि दारावर खडूनं ‘ग्यारेज’ असं लिहिलं. निरोप आला होता, “पुढच्या हंगामात मान तुमचाच.” त्या निरोपावर ते बसून राहिले. आक्का म्हणायची, “माझं लुगडं पेटीत, ह्यांची गाडी गोठ्यात. बघू आधी कुणाला कसर लागती.”

कसर लागली गाडीला. रानात भेगा पडल्या, खायला काही राहिलं नाही, तसे रानातले उंदीर गावात शिरले. एके दिवशी साडूंनी हॉर्न दाबला तर आवाज नाही. कड्याहून मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाला, “दादा, वायरी खाल्ल्यात की हो उंदरांनी! आता हार्न गेला, उद्या शेल्फ जाईल, गाडी सुरूच व्हायची न्हाई. मग ही गाडी कोंबड्या डालायला ठेवा.” त्या दिवसापासून साडूंना झोप नाही. गाडी सुरू झाली नाही तर आक्काला दिलेला शब्द गेला, ही एकच गोष्ट त्यांनी डोक्यात घेतली. “दुसऱ्याच्या जीपमधी बसवून न्हेऊ का तिला?” असं मला विचारायचे, जणू उंदीर मीच पाठवले होते.

मग त्यांनी इलाज सुरू केले. आधी इंजिनात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. मग तंबाखूच्या पुड्या बांधल्या. त्या उंदरांनी नाही, पण गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं हळूहळू संपवल्या. मग मिरच्यांची धुरी दिली. त्या धुरीनं सगळी गल्ली दुपारभर शिंकत होती आणि गोठ्यातून एकही उंदीर बाहेर पडला नाही. पडले ते साडूच, डोळे चोळत. “उंदीर ठसकला का?” मी भिंतीवरून विचारलं. म्हणाले, “ठसकला असंल, पर आतल्या आत.” मग आष्टीच्या एका सोयऱ्याकडून मांजर आणलं. ते मागच्या सीटवर जे झोपलं ते उठेना, आणि महिन्याभरात तिथंच व्यालं. आक्का बाळंतिणीला हलवू देईना. साडू दूध घेऊन गाडीच्या दाराशी उभे, आत मांजर गुरगुरतंय, आणि खाली चाकाजवळून उंदीर निवांत चाललाय, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. विष घाला म्हणून मीच सुचवलं होतं. त्यावर भडकले. “का म्हून? माझी वायर खाल्ली म्हणून त्याचा जीव घिऊ? मला त्याला गोठ्याभाईर काढायचाय, जगाभाईर न्हाई.”

शेवटी त्यांना जी कल्पना सुचली तिच्यासाठी गावानं त्यांचं नाव काढलं पाहिजे. मुंग्या चढू नयेत म्हणून आपण दुधाच्या पातेल्याखाली, कपाटाच्या पायाखाली पाण्याची वाटी ठेवतो ना, तेच. पण गाडीच्या चाकाखाली वाटी कशी मावणार? साडू पडले बागाईतदार. त्यांनी मोसंबीच्या झाडाला करतात तसं एकेका चाकाभोवती मातीचं आळं केलं, आतून शेणानं लिंपलं, खताच्या गोणीचा कागद अंथरला आणि चारही आळी पाण्यानं भरली. टँकर दोन दिवसाआड यायचा तेव्हाची ही गोष्ट. गल्लीत ओरड झाली. पोरं विचारू लागली, “बाबा, मोटारीला फळं कधी लागायची?” मी तर तावातावानं गेलो. म्हटलं, “पाव्हणं, माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुमी गाडीला पाय भिजवायला देताय?” ते शांतपणे म्हणाले, “माझ्या अंगुळीचं हाय. घरातलं थेंबभर घेतलं न्हाई.” मी जवळ गेलो आणि मग माझी खात्री पटली. बरेच दिवस आंघोळ केलेली नव्हती.

पण गंमत अशी की, उंदीर कमी व्हायच्या ऐवजी वाढले. साडू हबकले. मला म्हणाले, “पाव्हणं, तुमी या. दोघं मिळून पाळत ठिवू.” आमचं बोलणं तेव्हा जेमतेमच होतं, तरी मी गेलो, कारण त्यांचा इलाज फसलेला मला डोळ्यांनी बघायचा होता. भर दुपारी आम्ही दोघं बैलांच्या रिकाम्या दावणीवर पाय वर घेऊन बसलो. थोड्या वेळानं कुडाच्या फटीतून एक उंदीर आला. सरळ चाकाशी गेला, आळ्याच्या काठावर पुढचे दोन पाय टेकले आणि पाणी प्यायला लागला. त्याच्या मागं दुसरा. मग एक मोठी, पोट आलेली मादी. कुणी घाई करत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. टँकरपाशी आमच्याकडे कधी एवढी शिस्त दिसली नाही. पाणी पिऊन झालं की आळ्यावरून एक उडी, आणि गार सावलीला गाडीत वर.

साडू दावणीवरून खाली वाकले. मग हळूच म्हणाले, “पाव्हणं, हे तर पाण्याला येत्यात की हो.”

मी खूप काही बोलणार होतो. घरून ठरवूनच आलो होतो. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, “मग पाणी भाईर न्या.”

“एकदम न्हेलं तर त्यास्नी कळायचं न्हाई,” ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते त्यांनाच शोभलं. आळी मोडली. एका घमेल्यात पाणी घेतलं आणि ते रोज हातभर पुढं सरकवायला लागले. चुकार वासराला हिरवी वैरण दाखवत दाखवत नेतात तसं. गोठ्यातून दारात, दारातून अंगणात, अंगणातून बोळात, बोळातून गावाबाहेरच्या बाभळीखाली. पाण्यामागं उंदीर गेले, आणि तिथंच बांधात बिळं करून राहिले. मग त्या घमेल्यावर होले यायला लागले, खारी आल्या, एक दिवस भलीमोठी धामणही पाणी पिऊन गेली. पारावरचे लोक म्हणायचे, “सरकारनं गुरांची छावणी काढली, म्हाताऱ्यानं उंदरांची काढली.” साडू ऐकून घ्यायचे आणि आपल्या आंघोळीच्या पाण्यातून घमेलं भरायला चालू लागायचे. स्वतःची आंघोळ मात्र त्यांनी चैत्रापासून मृगापर्यंत एकाच ओल्या फडक्यावर भागवली.

पुढं पाऊस झाला, ऊस झाला आणि एका सकाळी भोंगा वाजला. साडू भाकरी टाकून उठले. सारी गल्ली गोठ्यापुढं जमली. आक्का हिरवं लुगडं नेसून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट पुढच्या सीटवर बसली आणि समोर बघत राहिली. साडूंनी किल्ली घातली, डोळे मिटले आणि जिभेनं टक्‌टक् केलं. गाडी खोकली, थरथरली आणि लागली! पोरांनी नुसता गलका केला. आक्कानं काच खाली केली आणि मला म्हणाली, “पाव्हणं, तुमी पण चला. चपला न झटकता बसा. आज ते काय बोलायचे न्हाईत.” ते खरंच काही बोलले नाहीत. पण हॉर्न तेवढा दुरुस्त करायचा राहून गेला होता. रस्ताभर उसाच्या गाड्या, म्हशी, शेळ्या. साडू मागं न बघता म्हणायचे, “पाव्हणं, वाजवा.” आणि मी, साऱ्या गावात ताठ म्हणून ओळखला जाणारा माणूस, खिडकीतून अर्धा बाहेर निघून कारखान्यापर्यंत “ओ, सरका... सरका ओ!” असा बोंबलत गेलो. मोळी गव्हाणीत टाकताना साडूंनी जिभेनं टक्‌टक् केलं. परत येताना त्यांनी मला एकदाही वाजवायला सांगितलं नाही. रस्ता मोकळा होता. तरी मी दोन-तीनदा आपण होऊन ओरडलो.

गेल्या उन्हाळ्यात साडू गेले. आजारपण नाही, तक्रार नाही. दुपारी गोठ्यात गाडी पुसायला म्हणून गेले आणि दावणीला टेकून बसले, ते बसलेच. यंदा आक्काच्या गोठ्यात नातवानं घेतलेल्या म्हशी आल्या. आक्का माझ्याकडे येऊन म्हणाली, “गाडी तुमच्या वसरीला लावा. तुमी तिचा हार्न होता. विकू म्हणत्यात पोरं. मी म्हटलं, पाव्हणं हायत तवर न्हाई.” गल्लीतल्या चौघांनी ढकलत ढकलत गाडी आणून माझ्या दारात लावली. मला चालवता येत नाही. मी नुसतं तिच्या नाकाडावर माझं उपरणं टाकलं. यंदा पुन्हा पावसानं ओढ दिलीय, टँकर चालू झालाय, आणि त्याच संध्याकाळी ओसरीच्या कुडाच्या फटीतून एक बारकं तोंड डोकावून गेलेलं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं आंघोळीला पाणी काढलं. मी त्यातलं अर्धं घमेल्यात ओतलं. ती म्हणाली, “आता हे कुणाला?” मी चपला पायात सरकवल्या. घमेलं दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, बाभळीपर्यंत चालत गेलो.